कळशीवरचं नाव

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी एक जुना भोंगा आहे हे खरं, पण आज मी हळूच बोलणार आहे. जन्मभर ओरडत आलो, आता मोठ्यानं बोलायची लाज वाटते.

विसरवाडीला हायवेच्या कडेला तौफिकचं डीजेचं दुकान आहे ना, शाळा सुटली की जिथे तुम्ही रंगीत दिवे बघायला घोळका करता, तिथेच दाराच्या वर खिळ्याला मी टांगलेला आहे. परवा तुमच्यातल्याच एका मुलीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे एवढं मोठं नरसाळं कशाला लागतं? सगळे खो खो हसले. मी रागावलो नाही. एकदा माझ्यामुळे एक अख्खा मांडव असाच हसला होता, आणि त्या हसण्यानं एका बाईचा संसारातला उरलासुरला आधार तुटला. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगताना अजूनही माझा पत्रा तापतो.

पण आधी माझी ओळख करून देतो. एका कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून दाबून माझं तोंड घडवलं गेलं, मागे आवाजाचं युनिट बसवलं गेलं, वरून राखाडी रंग चढला, आणि सुरतेच्या एका दुकानात काचेमागे मी येऊन बसलो. तिथे मला वाहिदभाईनं पाहिलं. हे सत्त्याहत्तर सालचं. वाहिद तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा, काडीसारखा बारीक, आणि बोलायला बसला की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होऊन जाई. त्याचे वडील विसरवाडीच्या नाक्यावर कंदील आणि पत्र्याचे डबे सांधायचे. वाहिदला ते काम नको होतं. त्याला आवाजाचं वेड होतं. रेडिओवरचा निवेदक, सिनेमातला खलनायक, यात्रेतला हरवले-सापडलेवाला, सगळ्यांचे आवाज तो हुबेहूब काढायचा.

सुरतेहून त्यानं मला मालट्रकमधून आणलं, तेही मांडीवर घेऊन. खड्डा आला की तो स्वतः आपटून घ्यायचा, पण मला धक्का लागू द्यायचा नाही. इतकी माया पुन्हा कुणी केली नाही माझ्यावर.

मित्रांनो, तो काळच निराळा होता. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, सगळी कामं धुळ्याला. एसटी स्टँडवर तीस पैशांत कपभर चहा मिळे आणि तोही लोक बशीत ओतून दोघांत पीत. बाईमाणूस दिवसभर निंदणी करी तेव्हा संध्याकाळी तिच्या हातावर तीन रुपये पडत. रॉकेलसाठी रेशनच्या दुकानासमोर लोक आपापले डबे रांगेत ठेवून घरी जेवून येत, आणि डब्याचा नंबर कुणी मोडत नसे. एका वर्षी साखर खुली झाली आणि इतकी उतरली की गुळावर भागवणाऱ्यांनीही लग्नात साखरेचा शिरा केला. पुढच्याच वर्षी ती अशी कडाडली की सगळे निमूटपणे गुळावर परत आले. सरकारनं हजाराच्या नोटा बंद केल्या तेव्हा नाक्यावर आठ दिवस कडाक्याची चर्चा झाली. आता चर्चा करणाऱ्यांपैकी एकानंही ती नोट डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तरुण पोरं कानांवरून केस वाढवायची आणि खाली रुंद रुंद बेलबॉटम घालायची. चिखलातून चालली की अर्धा रस्ता पँटीबरोबर घरी. तंबूतला सिनेमा गावात आला की शेतातली कामं लवकर उरकायची. आणि गंमत सांगू? तेव्हा सिनेमातल्या नुसत्या संवादांच्या तबकड्या मिळत. गाणं नाही, बजावणं नाही, फक्त बोलणं. मी ती तबकडी वाजवायला लागलो की पंगतीतली माणसं घास हातात धरून थांबत आणि पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणत. आपलंही एक रेडिओ केंद्र असल्यासारखा मी फुगायचो.

वीज सगळीकडे नव्हती. ट्रकची बॅटरी, एक ॲम्प्लिफायर, तबकड्यांची पेटी आणि मी, असं आमचं बिऱ्हाड बैलगाडीत चढायचं आणि डोंगराकडच्या गावांत जायचं. मला उंच झाडाला बांधत. तीन पाड्यांवर माझा आवाज जाई. लोकांचा माझ्यावर भारी विश्वास. भोंग्यावर आलं म्हणजे खरंच असणार, असं म्हणत. निवडणुकीत एकाच गाडीवरून सकाळी एका पक्षाला आणि दुपारी दुसऱ्या पक्षाला मी विजयी करा म्हणून ओरडलो, तरी कुणाला माझी शंका आली नाही. तेव्हा मला त्या विश्वासाचा फार गर्व होता. आज वाटतं, एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकायला नको होता.

आता स्टीलचं सांगतो, कारण गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. आज तुमच्या घरात स्टीलच्या भांड्याकडे कुणी वळून बघत नाही. तेव्हा स्टील म्हणजे अप्रूप. पितळेला कल्हई लागते, तांबं काळं पडतं, पण स्टील घासलं की तोंड दिसतं. मुलीला आहेरात स्टीलची कळशी मिळाली तर सासरी तिचा शब्द दोन बोटं वर राही. आणि भांडं घेतलं की दुकानदार बारीक टोच्यानं टकटक करत त्यावर नाव घालून देई. कुणाला, कुणाकडून, कोणत्या साली. घराघरात भांड्यांवर नावं असत, आणि वाचता येवो न येवो, बायका त्या अक्षरांवरून बोट फिरवून बघत.

लग्नात आहेर पुकारायची रीत तुम्ही पाहिली आहे. तेव्हाही तीच होती. भेट घेऊन माणूस मांडवातल्या टेबलाशी यायचा, आपलं नाव सांगायचा, आणि वाहिदभाई माईकवर ते गाजवायचा. दोन रुपये देणाऱ्याचंही नाव डोंगरावर आदळून परत आलं की त्या माणसाची मान ताठ व्हायची. वाहिदभाई नुसतं नाव घेत नसे, वर एखादी कोटी करी. लोक त्याला त्यासाठीच बोलवायचे. बँड नसला तरी चालेल, पण वाहिद पाहिजे, असं म्हणत.

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात आम्ही विसरवाडीपासून तासाभराच्या वाटेवरच्या एका गावात गेलो. पौलस गावितच्या मुलीचं, एस्तेरचं लग्न होतं. सकाळी चर्चमध्ये लग्न लागलं, मग घरापुढे मांडवात जेवणं आणि आहेर. मला मोहाच्या झाडावर बांधलं होतं. तिथून मला सगळं गाव दिसत होतं, पलीकडच्या उतारावरची त्यांची दफनभूमीसुद्धा.

पौलसला एक थोरली बहीण होती, सुसाना. ती ऐन तारुण्यात विधवा होऊन भावाकडे आली. पुढे पौलसची बायको गेली, तेव्हा एस्तेर आठ महिन्यांची होती. सुसानानं तिला मांडीवर घेतलं ते एकोणीस वर्षं खाली ठेवलं नाही म्हणा ना. एस्तेर तिला फुई, म्हणजे आत्या, म्हणायची, पण हाक ऐकली तर आई म्हटल्यासारखीच वाटायची. पौलसही बहिणीला विचारल्याशिवाय बैल विकत नसे.

त्या दिवशी मला एवढंच दिसलं की कोऱ्या फडक्यात काहीतरी गुंडाळून सुसाना टेबलाकडे येते आहे. तिच्या पायांत चपला होत्या, बहुधा आयुष्यातल्या पहिल्याच, कारण ती त्या सांभाळत चालत होती. तिनं फडकं सोडलं आणि आतून लखलखीत स्टीलची कळशी निघाली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मजुरी करणाऱ्या बाईनं स्टीलची कळशी! सुसाना वाहिदभाईला हळूच म्हणाली, "मन्हं नाव सांगजो, भाऊ. एस्तेरनी फुई."

माईकनं तिचं ते कुजबुजणंही पकडलं आणि मी ते सगळ्यांना ऐकवलं. लोक कौतुकानं हसले. ते हसणं चांगलं होतं. तिथेच थांबलं असतं तर आज मी तुमच्यासमोर मान खाली घालून बोलत नसतो.

वाहिदभाईनं कळशी उचलली, उन्हात फिरवली, आणि तिच्या गळ्याखाली त्याला अक्षरं दिसली. त्यानं सवयीनं मोठ्यानं वाचून टाकली. "सौ. जमनाबाई यांस मामांकडून सप्रेम भेट."

कळशी दुसऱ्याच कुणाची आहे, हे मांडवाला कळलं. सुसानाला वाचता येत नव्हतं. ती हसऱ्या चेहऱ्यानंच उभी होती, आपलंच नाव पुकारलं जाईल म्हणून वाट बघत. वाहिदभाईलाही ते कळलं. पण समोर पाचशे माणसं, हातात माईक, आणि जिभेला कोटीची चटक लागलेली. त्यानं यात्रेतल्या हरवले-सापडलेवाल्याचा आवाज काढला. "जमनाबाई, जमनाबाई! आपण जिथे कुठे असाल तिथून ताबडतोब मांडवाकडे यावं. आपली हरवलेली कळशी इथे सापडली आहे. ओळख पटवून घेऊन जावी!"

काय हसले लोक! पोरं लोळायला लागली. वरपक्षाकडच्या माणसांनी पटके तोंडाला लावले. कुणीतरी ओरडलं, पुन्हा एकदा! आणि वाहिदभाईनं पुन्हा एकदा म्हटलं. मी तर हरखून गेलो होतो. तो हशा मी समोरच्या टेकडीपर्यंत नेला, पलीकडच्या पाड्यावर जे लग्नाला आले नव्हते त्यांच्याही अंगणात नेऊन टाकला. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी माझा आवाज जितका खणखणीत लागला तितका कधीच लागला नव्हता. मला त्याचा आनंद झाला होता. पुढे मी स्वतःला पुष्कळ समजावलं की आपण काय, पत्रा आपण, कुणी बोलेल ते बोलणारे. पण आनंद तर माझाच होता ना?

सुसानाला आधी काही कळेना. शेजारच्या बाईनं तिच्या कानात सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मला उंचावरूनही बघवेना. तेवढ्यात पौलस उठला. तो ओरडला नाही. व्याही बघत होते, जावई बघत होता, तो तरी काय करणार? त्यानं टेबलावरची कळशी उचलली आणि बहिणीच्या हातात दिली.

"जिनी शे, तिले दी ये," तो म्हणाला. जिची आहे तिला देऊन ये, म्हणजे ती चोरीची आहे असंच त्यानं धरलं.

सुसाना काहीतरी बोलू लागली. तिचे ओठ हलताना मला दिसले. माईक तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि चालू होता. ती बोलली असती तर माझ्यातूनच बोलली असती, आणि जितक्यांनी चेष्टा ऐकली तितक्यांनीच तिचंही ऐकलं असतं. पण वाहिदभाई घाबरला होता. रंगाचा बेरंग नको म्हणून त्यानं झटकन तबकडीवर सुई ठेवली, आणि मी गायला लागलो. नाचाचं गाणं होतं. त्या गाण्याखाली ती काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही.

एस्तेर हिरव्या मांडवात मान खाली घालून बसली होती. नवी नवरी, ती उठली नाही. सुसाना कळशी कडेवर घेऊन मांडवाबाहेर गेली. चपला तिथेच राहिल्या.

खरं काय ते आम्हाला चार महिन्यांनी कळलं. जमनाबाई ही विसरवाडीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची बायको. बाळंतपणाला ती माहेरी गुजरातमध्ये गेली होती. परत आली, तिच्या कानावर सगळं गेलं, आणि ओली बाळंतीण असूनही ती डोक्यावर पदर घेऊन तडक वाहिदभाईच्या दुकानाशी आली. मी तेव्हा फळीवर होतो. सुसाना दोन वर्षं तिच्याकडे पाणी भरत होती, भांडी घासत होती. शेवटच्या सहा महिन्यांची मजुरी तिनं घेतलीच नाही. त्याऐवजी मला ती कळशी द्या, पोरीच्या लग्नात द्यायची आहे, म्हणून मागितली. जमनाबाईनं ती आपल्या हातानं फडताळातून काढून दिली. वर नाव आहे हे तिला माहीत होतं, पण नावाचं काय एवढं, भांडं तर चोख आहे, असं तिला वाटलं. आणि सुसानाला वाटलं की ती टोचलेली नक्षीच आहे.

जमनाबाईनं वाहिदभाईला फार लांबण लावली नाही. तिनं सांगितलं, "तू जसं भोंगावर वरडीसन सांगं, तसंच भोंगावर वरडीसन सांग. कळशी मी सोता दिन्ही तिले."

वाहिदभाईनं कानाला हात लावला आणि कबूल केलं. पुढच्या लग्नात सांगतो म्हणाला. जमनाबाईनं पौलसकडेही निरोप धाडला होता. पण पौलसच्या मनात त्या दिवसाची आग होती. शेठाणी मोठ्या मनाची आहे, झाकून घेते आहे, असं तो म्हणाला. लोकही तेच म्हणाले. निरोपाचं काय घेऊन बसलात, भोंग्यावर आलं होतं ना!

पुढचं लग्न आलं. वाहिदभाईनं माईक हातात घेतला, माझा घसा खरखरला, मला वाटलं आता सांगतो. त्यानं तबकडी लावली. त्याच्या पुढच्या लग्नातही तेच. आपलीच चूक आपल्याच तोंडानं चारशे माणसांसमोर सांगायची, मग लोक आपल्यालाच हसतील, आणि हसले की पुन्हा कोण बोलावेल, हे त्याच्या मनात होतं. मी त्याच्या तोंडाजवळचा, मला ते कळत होतं. तो स्वतःशी म्हणायचा, लोक विसरतील. लोक विसरलेही. पण ते फक्त जमनाबाईचं नाव विसरले. सुसानाला पोरं मागून "हरवले-सापडले" म्हणून चिडवायची ते काही विसरली नाहीत. ती भावाच्या घरातून निघाली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोपटात राहायला गेली. मजुरीला ती जाई, चर्चमध्ये मागच्या रांगेत बसे, पण गावातल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवात तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. एस्तेर सासरहून आली की लपून तिला भेटून जायची, एवढंच.

दिवस पालटले. कॅसेटी आल्या, मग मोठमोठ्या पेट्या आल्या. तबकड्या रद्दीत गेल्या आणि मी माळ्यावर. तिथे एका कबुतरानं माझ्या तोंडात दोन वेळा अंडी घातली. मला त्याचं काही वाटलं नाही, निदान काही उपयोग तरी झाला. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला त्याच पावसाळ्यात पौलस गेल्याची बातमी आली. त्या दिवशी वाहिदभाई दुकान अर्धं उघडं टाकून माळ्याखाली बसून होता. दोनदा वर बघितलं त्यानं. मला वाटलं, आता तरी खाली काढेल. संध्याकाळी तो उठला आणि घरी गेला. एकोणीस वर्षं बहीणभाऊ एका गावात राहिले आणि बोलले नाहीत, आणि आता बोलणारा एकच उरला.

आता अलीकडचं. वाहिदभाई सत्तरी ओलांडून गेला आहे. दुकान नातवाचं, तौफिकचं. यंदाच्या उन्हाळ्यात तौफिककडे एका लग्नाची सुपारी आली. गावाचं नाव ऐकून वाहिदभाईच्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला. मुलगी कोणाची, म्हणून त्यानं विचारलं. रविना, एस्तेरबाईंची नात. पौलस गेल्यावर एस्तेर माहेरच्या घरी राहायला आली होती आणि रविना आजोळी तिच्याकडेच वाढली, म्हणून लग्न त्याच गावात. मग त्यानं फोन घेतला आणि एस्तेरलाच विचारलं, तुझी फुई आहे का? आहे म्हणे. अठ्ठ्याऐंशीची झाली, कान शाबूत आहेत, पण नातीच्या लग्नालाही मांडवात येणार नाही म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाहिदभाई शिडी लावून स्वतः माळ्यावर चढला. तौफिक खालून ओरडत राहिला, दादा, पडाल. त्यानं मला खाली आणलं, ओल्या फडक्यानं पुसलं, मागचं युनिट बदलून घेतलं. तौफिक हसून म्हणाला, ह्याला नेऊन काय करणार, माझ्या एका पेटीत असले शंभर भोंगे बसतात. वाहिदभाई म्हणाला, "जे ह्याच्यातून गेलं, ते ह्याच्यातूनच परत यायला पाहिजे." तौफिकला काही कळलं नाही, पण त्यानं मला गाडीत ठेवलं.

मोहाचं झाड तेच होतं. मला पुन्हा तिथेच बांधलं. मांडव मात्र रंगीत कापडाचा, खुर्च्या प्लास्टिकच्या, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आहेर सुरू व्हायच्या आधी वाहिदभाईनं तौफिकला डीजे बंद करायला सांगितला आणि माईक हातात घेतला. मला वाटलं, तो रेडिओचा आवाज काढेल. त्यानं काढला नाही. तो घरातल्यासारखं बोलला.

"मी वाहिद. सेहेचाळीस वरीस पहिले ह्याच गावमा मी सुसानाबाईनी कळशी हातमा धरी आनि तिनी चेष्टा करी. ती कळशी चोरीनी नव्हती. जमनाबाईनी तिले कामना बदलामा दिन्ही व्हती. हाई माले तवयच समजनं व्हतं. मी सांगं नही. माले लाज वाटनी."

मांडवात कुणी हसलं नाही. कुणी रडलंही नाही. काय चाललंय हेच बऱ्याच जणांना कळत नव्हतं. तरुण पोरांना वाटलं म्हाताऱ्याचा काही कार्यक्रम असेल, दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. त्या दिवशी जे हसले होते त्यांच्यातले चार-पाच जण उरले असतील मांडवात. ते आपापल्या पायांकडे बघत होते. एस्तेर मात्र खुर्चीतून उठली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत उभी होती.

झाडावरून मला तिच्याआधी दिसलं. खोपटाचं दार उघडलं. सुसाना बाहेर आली, पुन्हा आत गेली, परत बाहेर आली. एका हातात काठी, कडेवर कळशी. ती यायला बराच वेळ लागला, आणि तोवर कुणीच गाणं लावलं नाही. कळशीला पोचे आले होते, बूड झिजलं होतं. इतकी वर्षं ती त्याच कळशीनं पाणी भरत होती. गळ्याखालची अक्षरं मात्र जागच्या जागी होती.

तिनं कळशी टेबलावर ठेवली आणि वाहिदभाईकडे न बघताच म्हणाली, "मन्हं नाव सांगजो."

वाहिदभाईनं सांगितलं. सुसानाबाई, एस्तेरची फुई, यांच्याकडून रविनाला स्टीलची कळशी. कोटी केली नाही. एस्तेरनं तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्या पायांशी खाली बसली. नव्या नवरीनं कळशी मांडीवर घेतली. मला वाटलं, झालं. सुटलो मी. सेहेचाळीस वर्षांनी का होईना, सुटलो.

पण सुसानानं काठी उचलून माझ्याकडे दाखवली. मग ती काठी तिनं सावकाश वळवून पलीकडच्या उतारावर नेली, जिथे दगडी क्रूस उभे होते.

"आते त्यानं तोंड तिकडे फिराव," ती वाहिदभाईला म्हणाली. "मन्हा पौलस तठे शे."

तौफिक झाडावर चढला. त्यानं दोर सैल केले आणि मला फिरवलं. आता माझ्यासमोर मांडव नव्हता, माणसं नव्हती. उतार होता, वाळलेलं गवत होतं आणि क्रूस होते. वाहिदभाईनं पुन्हा माईक तोंडाशी नेला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, एकही शब्द न गाळता. मी जीव तोडून ओरडलो. टेकडीवर जाऊन माझाच आवाज परत आला. दुसरं काही आलं नाही. सुसाना मान कलती करून बराच वेळ ऐकत बसली होती.

मित्रांनो, मी जुनी वस्तू, मला पुसा, तेलपाणी करा, जपून ठेवा, असं काही मी मागणार नाही. मला जपण्यासारखं मी काही केलेलं नाही. पण तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आज माझ्याहून मोठा भोंगा आहे. त्यावरून कुणाची चेष्टा दूरवर धाडण्याआधी ज्याची चेष्टा करता त्याला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या. आणि चूक झालीच, तर त्याच भोंग्यावरून, तितक्याच मोठ्यानं, लगेच कबूल करा. ऐकणारी माणसं जिवंत आहेत तोवर करा.

लग्नाहून परत आल्यावर तौफिकनं मला इथे दारावर टांगलं. तोंड रस्त्याकडे करू का, गिऱ्हाइकांना दिसेल, असं त्यानं आजोबांना विचारलं. वाहिदभाई म्हणाला, नको, त्या गावाकडच्या डोंगराकडेच राहू दे.